बर्फात रुतलेले घर

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या उत्तरेला सुमारे 150 किलोमीटरवर, मिल लॅक्स नावाचे सरोवर आहे. त्याचा विस्तार 500 चौरस किलोमीटरहून अधिक आहे, मात्र खोली कोठेही 13 मीटरच्या पुढे जात नाही. हिवाळ्यात हे सरोवर गोठले, की त्यावर मोटारींसाठी रस्ते मोकळे केले जातात आणि वॉलाय जातीच्या माशांसाठी येणारे लोक आपापली फिश हाऊस ओढून आणतात. फळ्यांची किंवा पत्र्याची एक खोली, आत लहानशी शेगडी, दोन बाके आणि जमिनीला पाडलेली भोके, एवढाच बहुतेकांचा संसार असतो. या भोकांखालच्या बर्फात गिरमिटाने छिद्र पाडायचे आणि त्यातून गळ सोडून बसायचे.

या भागातली घरे मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत सरोवरावरून हलवावी लागतात. राज्याच्या उत्तरेकडील भागाला तिसऱ्या सोमवारपर्यंत सवलत आहे. मुदत टळली तर मालकावर खटला होतो आणि घर सामानासकट जप्तही होऊ शकते. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस मासे गळाला लागोत न लागोत, पहारी, फावडी आणि जॅक घेऊन माणसे सरोवरावर उतरतात, कारण जानेवारीत जे घर सहज सरकत आणले होते ते आता जागचे हलत नाही.

अशा घराच्या भिंती खालून वीतभर बर्फात गेलेल्या असतात. घर स्वतःच्या वजनाने इतके खचत नाही. याचा मोठा दोष वरून पडणाऱ्या हिमाकडे जातो. बर्फ पाण्यापेक्षा थोडाच हलका असल्यामुळे 30 सेंटिमीटर जाडीचा थर तरंगताना पाण्याच्या वर जेमतेम अडीच सेंटिमीटर राहतो. दर चौरस मीटरवर 25 किलो भार आला, की तेवढीही उंची संपते. आणि वाऱ्याने दबलेले हिम वीतभर साचले तरी हा भार सहज भरतो. मग थर खाली दबतो, भेगांमधून आणि गळासाठी पाडलेल्या छिद्रांमधून पाणी वर येते, हिमात मुरते आणि घराभोवती रबडा तयार होतो. पुढच्या कडाक्याच्या रात्री तो दगडासारखा घट्ट होतो. शिवाय शेगडीच्या उबेने घराखालचा बर्फ थोडा वितळलेला असतो. शेगडी विझली, की तेही पाणी खालच्या वाशांना धरून गोठते. वारा आत शिरू नये म्हणून भिंतींना हिमाचा बांध घालण्याची पद्धत आहे, परंतु त्या बांधाखाली रबडा गोठायला वेळ लागतो आणि पाणी मात्र साचत राहते.

म्हणून कामाची सुरुवात फावड्याने होते. भोवतालचे हिम काढून ते बऱ्याच अंतरावर नेऊन टाकावे लागते, कारण घराशेजारीच ढीग केला तर भार तेथेच राहतो आणि पाणी पुन्हा वर येते. जाणती माणसे हे काम मुदतीच्या आधी बरेच दिवस उरकतात. उघडा पडलेला रबडा थंडीत कडक गोठतो हे खरे, तरीही कोरडा, कडक बर्फ फोडणे हे गुडघाभर रबड्यात उभे राहून भिजत काम करण्यापेक्षा कितीतरी बरे.

त्यानंतर चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत. भिंतीपासून हातभर अंतर ठेवून समांतर चर कापला जातो. सुरुवातीला पात्यातून पांढरा, कोरडा भुगा उडतो. तो करडा आणि ओलसर दिसू लागला, की अनुभवी माणूस तेथेच थांबतो. पाते आरपार गेले, तर साखळी पाणी उपसून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकते आणि नुकताच कोरडा केलेला चर भरून जातो. साखळीला नेहमीचे खनिज तेल न घालता खाद्यतेल घालणारेही आहेत, कारण भुग्याबरोबर उडणारे तेल शेवटी याच सरोवरात जाते. मीठ टाकून बर्फ सोडवण्याचा सल्लाही ऐकू येतो; ज्या पाण्यातले मासे खायचे त्यातच मीठ ओतण्यात शहाणपण दिसत नाही. भिंतीलगतची उरलेली पट्टी मात्र पहारीनेच, हलक्या हाताने फोडावी लागते, नाहीतर पत्रा फाटतो.

चारही बाजू मोकळ्या झाल्या तरी खालची पकड कायम असते. येथे घाई करणारा मालक ट्रकला साखळी बांधून हिसका देतो, आणि पुष्कळदा ओढण्याचा आकडा वाशासकट उपटून हातात येतो. योग्य रीत अशी, की एका कोपऱ्याखाली जॅक लावायचा, जॅकखाली रुंद फळी ठेवायची आणि दांडा सावकाश दाबायचा. पकड सुटताना घराखालून कडाडल्यासारखा आवाज येतो. तो आला तरी त्या कोपऱ्याला बोटभरच उचलून ठोकळा सरकवतात आणि समोरच्या कोपऱ्याकडे वळतात. एकच बाजू फार उचलली तर सांगाडा पिळवटतो आणि दार लागेनासे होते. चौथा कोपरा सुटला, की तेच घर दोन माणसांच्या रेट्याने हलते.

आणताना घर थेट बर्फावर न टेकवता लाकडी ठोकळ्यांवर ठेवले असेल आणि मधून मधून ते उचलून ठोकळे बदलले असतील, तर यातले निम्मे कष्ट वाचतात. जानेवारीच्या उत्साहात ही खबरदारी घेणारे थोडेच.

ओढून नेण्यापूर्वी जाडी मोजावी लागते. चाकांचे मोठे घर ओढणाऱ्या ट्रकसाठी किमान 20 इंच स्वच्छ, निळसर बर्फ हवा असे राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. हिम गोठून झालेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा असल्यामुळे तेथे दुप्पट जाडी धरावी लागते, आणि हिवाळाभर ज्या सरोवरावर रबडा झाला तेथे पांढरा बर्फच पुष्कळ असतो. ट्रक सावकाश चालवावा लागतो, कारण त्याच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि वेग वाढला तर काठाजवळ तीच लाट बर्फ फोडू शकते. मोठ्या भेगांवर टाकलेले लाकडी पूल एकेका गाडीने ओलांडायचे असतात.

घर काठावर पोचल्यावरही काम उरतेच. गोठून बसलेले ठोकळे सरोवरावर सोडून देणे हा कायद्याने कचरा ठरतो. म्हणून मालक पहार घेऊन परततो आणि एकेक ठोकळा उकरून गाडीत टाकतो.