सूर्याला मेन स्विच नाही

सकाळचे अकरा वाजले आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेमागे लोखंडी सांगाड्यावर सौर पॅनेल बसवलेली आहेत आणि वीजतंत्री, तारतंत्री हे व्यवसाय शिकलेले काही तरुण-तरुणी त्यांच्याभोवती उभे आहेत. निदेशक एका सुट्या पॅनेलच्या दोन तारांना मल्टिमीटर लावतात. कशालाही न जोडलेले ते पॅनेल ४८ व्होल्ट दाखवते. मग ते विचारतात, हा दाब बंद कसा कराल?

घरातील वायरिंग शिकलेल्यांच्या हाताला एक सवय पक्की लागलेली असते: आधी मेन स्विच बंद करायचा, टेस्टर लावून खात्री करायची आणि मगच तारेला हात लावायचा. छतावरच्या सौर संचात मात्र पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा इन्व्हर्टर बंद केला, तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारांमध्ये दाब कायम राहतो. आणि अशी बारा पॅनेल एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडली, की तो साडेपाचशे व्होल्टच्या पुढे, म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या दुपटीहून अधिक होतो. शिवाय हा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, असतो. घरातील एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे जोडणी उघडताना पडलेली ठिणगी सहसा विझून जाते. डीसीला असा शून्याचा क्षणच नसतो, त्यामुळे संच चालू असताना कोणी कनेक्टर ओढून काढला, तर दोन टोकांमध्ये पेटलेली ज्योत जळतच राहू शकते. या कामात येणाऱ्या नवख्याला सर्वांत आधी हेच शिकवले पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते. पॅनेल उचलून बसवणे त्यानंतरचे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या सूर्यमित्र कार्यक्रमात हे प्रशिक्षण ६०० तासांचे, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे, निवासी आणि मोफत होते. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याचे लक्ष्य समोर ठेवले आणि संच बसवणाऱ्या हातांची मागणी वाढली. मागणी वाढली, की प्रशिक्षणाचे तास कमी करण्याचा मोह होतो. पण ज्या पॅनेलकडून पंचवीस वर्षे वीज अपेक्षित आहे, त्याची जोडणी घाईत सैल राहिली, तर ती रोज दुपारी थोडी थोडी तापत राहते आणि घरमालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणूनच टेबलाशी बसलेल्या या मुलीकडे थोडा वेळ पाहू या. ती चार चौरस मिलिमीटरच्या तारेचे आवरण सोलते. आतली एकही बारीक तार तुटू न देता ती धातूच्या पिनेत सारते आणि क्रिंपिंगच्या पकडीत पीन घट्ट दाबते. मग तार ओढून पाहते. पहिली पीन निघून हातात येते. दुसरी टिकते, पण दोन तारा बाहेर राहिल्याचे दाखवून निदेशक ती कापायला लावतात. तिसरी पीन ती कनेक्टरच्या नळीत ढकलते, आत ‘टक्’ असा आवाज येतो, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिल्यावर ती चौथी तार हातात घेते.