मरणाऱ्या ताऱ्याचं गुऱ्हाळ

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी. प्रोजेक्टर रुसलाय, त्यामुळं आज चित्रं नाहीत, नुसतं बोलणं. एका अर्थी बरंच झालं, कारण मी मरणाऱ्या ताऱ्यांनी उधळलेल्या गॅसवर काम करतो, आणि तो तसा दिसतच नाही, रेडिओ दुर्बिणीनं ऐकावा लागतो.

आपल्याकडं मरणारा तारा म्हटलं की लोकांना वाटतं ढुम्म करून फुटणार. तसं फार थोड्यांचं होतं, जे सूर्याच्या आठपट वगैरे जड असतात त्यांचं. बाकी बहुतेक तारे, आपला सूर्यसुद्धा, हळूहळू उकळून संपतात. सूर्याला अजून साधारण ५ अब्ज वर्षं आहेत, काळजी नको. पण तेव्हा तो फुगेल, पृथ्वीच्या कक्षेच्या आसपास पोचेल, पृष्ठभाग थंड होऊन ३००० अंशांवर येईल आणि मग तो धडधडायला लागेल, म्हणजे वर्षभरात एकदा फुगायचं, एकदा आकसायचं. असा एक तारा आपल्याला साध्या डोळ्यांनी दिसतो, मीरा, तिमिंगल तारकासमूहात. १५९६ साली डेव्हिड फाब्रिशियसनं त्याची नोंद केली, तारा दिसत होता आणि काही महिन्यांनी गायब. पुढं कळलं की त्याचा फेरा सुमारे ३३२ दिवसांचा आहे.

आता हा तारा स्वतःला उधळतो कसा? माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं, लहानपणी दिवाळीनंतर मी तिथंच पडलेला असायचो. काहिलीत रस उकळायला लागला की आधी मळी वर येते, ती गुळव्या काढून टाकतो, मग रस फुलतो, काठापर्यंत येतो, परत बसतो, परत फुलतो, आणि वाफेचा लोट सतत वर चाललेला असतो. ताऱ्याचं असंच. प्रत्येक धडधडीला वरचा गॅस थोडा उचलला जातो. नुसता उचलून तो परत खाली पडला असता, पण उंचीवर थंडावा असतो, तिथं त्याचे कण बनतात, सिलिकेटची बारीक वाळूच म्हणा. ताऱ्याचा प्रकाश या कणांना ढकलतो आणि कण जाता जाता गॅसला बरोबर ओढून नेतात. सेकंदाला १०-२० किलोमीटर, म्हणजे ताऱ्यांच्या दुनियेत निवांतच चाल. पण माल किती जातो बघा, जोरात असलेला तारा वर्षाला दोन-तीन पृथ्व्यांइतकं वस्तुमान बाहेर टाकतो. सूर्याच्या आजच्या वाऱ्याच्या तुलनेत कोट्यवधी पट. चुलवाण विझलं की मागं उरतो तो श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा उघडा पडलेला छोटा गाभा, सूर्याच्या बाबतीत आजच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, बाकी सगळं वाफ होऊन गेलेलं.

ताऱ्याच्या पोटात शिजलेला माल वरपर्यंत येतो हे १९५२ साली पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञानं एक गंमत दाखवून सिद्ध केलं. अशा काही ताऱ्यांच्या प्रकाशात त्याला टेक्नेशियम सापडलं. हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे, ताऱ्याच्या वयाच्या मानानं चुटकीसरशी संपून जातं. मग ते तिथं आहे याचा अर्थ एकच, तारा ते आत्ता पोटात शिजवतोय आणि वर आणून टाकतोय. मला हा शोध फार आवडतो, दुसरा काही पुरावाच लागत नाही.

बरं, हा वाहून जाणारा गॅस आम्ही ऐकतो कसा? त्यासाठी आता मेसर. लेझर सगळ्यांना माहिती, मेसर हा त्याचा थोरला भाऊ. प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरी. १९५४ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमोनिया वापरून तो प्रयोगशाळेत बनवला. तत्त्व साधं आहे: रेणूंना ऊर्जा देऊन वरच्या पायरीवर बसवून ठेवायचं, खालच्या पायरीपेक्षा वरच्या पायरीवर गर्दी जास्त पाहिजे. मग नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीची एक लहर जाता जाता रेणूला कोपरखळी मारते, तो खाली उतरतो आणि अगदी तशीच लहर सोडतो, एकाच्या दोन, दोनाच्या चार. माणसाला हे जमवायला केवढी यातायात करावी लागली, आणि आकाशात ते फुकटात चालू होतं! १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांना १६६५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक रेषा दिसली, इतकी विचित्र की त्यांनी गमतीत तिला मिस्टेरियम नाव दिलं, जसं काही नवं मूलद्रव्यच. निघालं काय, तर ऑक्सिजन-हायड्रोजनचा साधा ओएच रेणू, मेसर बनलेला. आणि १९६९ साली पाण्याच्या मेसरचा शोध प्रसिद्ध झाला, त्या टीममध्ये हाच टाउन्स होता. याला म्हणतात नशीब.

आता तुम्ही म्हणाल, लहर वाढायला रेणूंची लांबलचक रांग पाहिजे, ती ताऱ्याभोवती कोण लावतो? इथं मला आपला किरणोत्सव आठवतो. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट आत येतात, पायांपासून चढत चढत मुखापर्यंत. ओळ जुळली तर दर्शन, मध्ये ढग आला, धुकं आलं, इमारत आली की संपलं. मेसरलाही ओळ जुळावी लागते, फक्त तिथं दगडी वाट नाही, वेगाची वाट आहे. आपल्या नजरेच्या रेषेत लांबपर्यंत सगळा गॅस एकाच वेगानं चाललेला असेल तरच लहर वाढत जाते, वेग बदलला की फ्रिक्वेन्सी सरकते आणि पुढचा रेणू ओळखच देत नाही.

गोल कवच सगळीकडं फुगतंय, त्यात अशा ओळी कुठं जुळतात? एक आपल्या समोरच्या बाजूला, जिथला गॅस आपल्याकडं येतोय, आणि एक बरोबर मागच्या बाजूला, जिथला लांब जातोय. म्हणून १६१२ मेगाहर्ट्झला ओएचचा आलेख काढला की मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना दोन शिंगं. बेंदराचा बैलच! समोरच्या, आपल्याकडं येणाऱ्या गॅसचं शिंग निळ्याकडं म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीकडं सरकलेलं, मागच्याचं तांबड्याकडं. दोन शिंगांतलं वेगाचं अंतर निम्मं केलं की वाऱ्याचा वेग हातात.

आता खरी मजा. तारा उजळला की समोरचं शिंग आधी वाढतं आणि मागचं काही दिवस उशिरा, कारण मागच्या बाजूच्या लहरींना अख्खं कवच ओलांडून यायचं असतं. समजा उशीर ३० दिवसांचा. म्हणजे कवचाचा व्यास ३० प्रकाश-दिवस, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ५२०० पट. आता दुर्बिणींच्या जाळ्यानं तेच कवच आकाशात मोजलं आणि ते समजा २ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) भरलं, तर गणितानं तारा साधारण साडेआठ हजार प्रकाशवर्षं लांब. ना तारा दिसायची गरज, धुळीत बुडालेला असला तरी चालतं. आणि सेकंदाला १५ किलोमीटरच्या वेगानं तिथवर पोचायला गॅसला ८०० वर्षं लागली असणार. म्हणजे आपल्या पन्हाळ्यावर शिलाहारांचा दुसरा भोज राज्य करत होता, तेव्हापासून आजवरचा काळ. मी ही मोजपट्टी पहिल्यांदा स्वतः वापरली त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

ओएच हे सगळ्यात बाहेरचं कवच. ताऱ्याच्या अगदी जवळ, दोन-चार त्रिज्यांवर, सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर असतात, त्यानंतर पाण्याचे, आणि बाहेरून येणारा अतिनील प्रकाश पाणी फोडतो तिथं ओएच. टीएक्स कॅमेलोपार्डालिस नावाच्या ताऱ्याची तर दर दोनेक आठवड्यांनी चित्रं घेऊन फिल्मच केलीय. त्यात गॅस नुसता बाहेर जात नाही, काही ठिकाणी परत खालीसुद्धा येतो. मामांची काहीलच की.

एक खंत आहे. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांची कमाल. पण तिची धाव साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत, आणि माझी रेषा १६१२ ला. अगदी थोडक्यात हुकलंय! त्यामुळं माझा डेटा येतो परदेशी दुर्बिणींकडून.

मागून प्रश्न आला, मीरा कोल्हापुरातून दिसेल का. दिसेल की. गावातल्या दिव्यांपासून लांब जा, पन्हाळ्याच्या वाटेवर कुठंतरी थांबा. तो उजळतो तेव्हा साध्या डोळ्यांना दिसतो, मंदावतो तेव्हा दुर्बीण लागते. फेरा वर्षापेक्षा महिनाभर कमी, म्हणून उजळायची वेळ दरवर्षी महिनाभर अलीकडं येते, आणि ऐन उन्हाळ्यात तो सूर्याच्या उजेडात हरवतो. तेव्हा हिवाळ्यात संध्याकाळी बघा. पहिल्या वर्षी नाही दिसला तर पुढच्या वर्षी परत जा.