तीस कोटी वर्षांनंतरचं सांगतो, पुढच्या वर्षीचं नाही

मंडळी, दरवर्षी आपण तिकडे थंडीत कुडकुडत जमतो, यंदा फोंड्यात जमलोय, म्हणून मला वाटलं भाषण सोपं जाईल, जोडताऱ्यांची, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची, दोन-चार चित्रं दाखवायची आणि सगळ्यांना जेवायला सोडायचं. पण काल रात्री म्हार्दोळला जेवताना आईने नेहमीचं विचारलं, "कायमचा कधी येणार रे?" मी नेहमीचं "बघू" म्हटलं. तर आमची अकरा वर्षांची पोरगी म्हणते, "बाबाला तारे कधी आदळणार ते माहितीय, आपण कधी येणार ते नाही." पुढचं भांडण सांगत नाही.

पण बोलली ते खरंय हो. १९७४ साली हल्स आणि टेलर या शास्त्रज्ञांना आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एक पल्सार सापडला, म्हणजे ठराविक ठेक्यात रेडिओ ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा, जोडीला दुसरा न्यूट्रॉन तारा, पावणेआठ तासांत एक फेरी. फिरताना अवकाशातच लाटा उठतात, त्या गुरुत्वलहरींतून ऊर्जा निघून जाते, कक्षा वर्षाला साधारण साडेतीन मीटर आकसते, आणि ३० कोटी वर्षांनी दोघे एकमेकांत मिसळणार. हे नुसतं कागदावर नाही, १७ ऑगस्ट २०१७ ला अशीच एक जोडी विलीन होताना पकडली, १३ कोटी प्रकाशवर्षं लांब, त्यात सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. (सोनं म्हटल्यावर मागच्या रांगेतले मोबाईल खाली गेले, बघितलं मी.)

म्हणजे पुढचं कळतं. घोळ मागचा आहे. हे दोघे इतके जवळ आले कसे? जन्मापासून एवढे जवळ असूच शकत नाहीत, कारण म्हातारपणी तारा फुगून दोघांमधल्या या अंतरापेक्षा कितीतरी मोठा होतो. मग आम्ही म्हणतो, जोडीदार त्या फुगलेल्या ताऱ्याच्या वायूच्या आवरणात शिरला, आतल्या आत फिरत जवळ सरकला आणि आवरण बाहेर फेकलं गेलं. पाचिन्स्की नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने हे १९७६ मध्ये मांडलं, पण आवरण सुटायला नेमकी किती ऊर्जा कामी येते याचा पत्ता अजून नीट लागलेला नाही. मग आम्ही अल्फा नावाचा एक आकडा घालतो आणि उत्तर जुळेपर्यंत फिरवतो, जत्रेच्या जमाखर्चात "इतर" असतं ना, तसं. आपले खजिनदार हसतायत.

पोरीला हेच सांगितलं, की जिथे नुसतं गुरुत्व आहे तिथलं भविष्य सांगता येतं, जिथे घोळ आहे तिथलं नाही. तर म्हणाली, "मग आपल्यात अल्फा किती?"

तुम्हीही फार हसू नका. वर्षातून दोन आठवडे येतो, बंद घराच्या खिडक्या उघडतो, शिगम्याचे व्हिडिओ ग्रुपवर टाकतो, जत्रेतल्या नाटकाला पोरं अर्ध्या तासात कंटाळली की गाडीत बसवून एसी लावतो, आणि म्हणतो रिटायर झालो की येऊ. हा "की" कधी येतो ते आपल्यापैकी एकानेही सांगितलेलं नाही, मी धरून.

आता हिंगोलीकडे औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, होतेय, २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, तिथं माझ्यासारखी माणसं लागतीलच. बायको म्हणते, हिंगोली म्हणजे गोवा नव्हे, तिथून पण दोनच आठवडे इकडे येणार असलास तर फरक काय? अर्ज लिहून ठेवलाय, पाठवायचा की नाही यावर बोलणं चालू आहे.