रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

(दृश्य : अजब बंगला, नागपूर. पक्ष्यांची काचकपाटं.)

मध्यवर्ती संग्रहालय म्हटलं, तर नागपुरातला ऑटोवालाही क्षणभर विचारात पडतो. अजब बंगला म्हणा, थेट फाटकाशी सोडतो. संग्रहालय 1863 सालचं. या कपाटांपुढे नाक काचेला लावून उभी राहिलेली पोरं विदर्भाच्या गावागावांत सापडतील.

आपण निघालोय रानपिंगळ्याच्या, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाच्या मागावर. शास्त्राला या पक्ष्याची ओळख ज्या नमुन्यावरून झाली, तो नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांतातला. डिसेंबर 1872 मध्ये बसना-फुलझरच्या जंगलात एफ. आर. ब्लेविट यांनी तो मिळवला. हा भाग आज छत्तीसगडमध्ये येतो. त्याचं कातडं, म्हणजे पिसांसकट जपून ठेवलेला नमुना, गेलं अ‍ॅलन ह्यूम यांच्याकडे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण ओळखतो, तेच ह्यूम. 1873 मध्ये त्यांनी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात वर्णन छापलं आणि जातीला ब्लेविट यांचं नाव दिलं.

(दृश्य : महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग. खणातला साधा पिंगळा.)

असा नमुना ठेवतात कसा, ते इथे नीट बघा. पक्षी पाठीवर निजवलेला. डोळ्यांच्या जागी कापूस. पाय एकावर एक, त्यांना दोरा, आणि दोऱ्याला चिठ्ठी. कुठे मिळाला, कधी, नर की मादी, कुणी आणला. शाई फिकी झाली असेल, पण ही चिठ्ठी तुटली की हातात उरतो तो नुसता पिसांचा पुडका. आपल्याकडच्या जुन्या खणांतल्या अशा चिठ्ठ्यांचे फोटो काढून नोंदी करायला हव्यात, आणि आत्ताच.

ह्यूम यांची पक्ष्यांवरची हस्तलिखितं सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकली. कातडी मात्र वाचली. 1885 मध्ये देवदाराच्या 47 पेट्या तिथेच तयार झाल्या. नमुन्यांना इजा नको म्हणून त्यांत खिळे वापरले नाहीत. एकेक पेटी अर्ध्या टनाची. बैलगाडीने कालका, तिथून मुंबई बंदर, मग जहाज. ब्लेविट यांचा रानपिंगळा आज इंग्लंडमध्ये ट्रिंग गावातल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या संग्रहात आहे.

(दृश्य : नकाशा. खानदेश, तापीकाठ.)

पुढचे बरेचसे नमुने खानदेशातले, शहादा-तळोदा भागातले, जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात गोळा केलेले. 1884 नंतर खात्रीची नोंदच नाही. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाच्या संग्रहातल्या एका नमुन्याची चिठ्ठी सांगत होती : 1914, मांडवी, गुजरात. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी तो नमुना तपासायला घेतला. क्ष-किरणाखाली दिसलं, की पक्षी उसवून पुन्हा भरलाय. आतली मूळ हातोटी डेव्हिडसन यांची. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेल्या पक्ष्याच्या पायात खोटी चिठ्ठी बांधलेली होती. कातड्यानेच चोर पकडून दिला.

शोधायच्या ठिकाणांच्या यादीतून मांडवी गळली. उरली खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं धुंडाळली. तिथे काही नाही. मग शहाद्याजवळचं जंगल. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, 113 वर्षांनी, रानपिंगळा समोर बसलेला होता.

(दृश्य : मेळघाट. सागाची निष्पर्ण फांदी. पक्ष्याचा मूळ आवाज.)

नंतर तो आपल्या मेळघाटातही सापडला. हा चक्क दिवसाउजेडी शिकार करतो. डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात तसे ठळक ठिपके याला जवळजवळ नाहीतच. पाय दणकट, नख्या मोठ्या.

(आवाज सुरू राहू द्यावा. निवेदन थांबून पुन्हा.)

2018 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. जंगल तुटतंय, ढोलीची जुनी झाडं जाताहेत.