डॉक्टर, पण कुठल्या गावात? निसर्गोपचाराच्या पदवीची गोष्ट

नमस्कार मंडळी. मी आत्ता गिरगाव चौपाटीवर उभी आहे. वारा फार आहे, त्यामुळे आवाज मधेच फाटला तर सांभाळून घ्या.

मुद्दाम इथे आले, कारण 1902 साली रात्री दहाच्या सुमारास एक बॅरिस्टर याच चौपाटीवर घाबऱ्या मनाने फेऱ्या मारत होता. गिरगावातल्या त्याच्या घरी दहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता. ताप 104 पर्यंत, विषमज्वर, त्यात न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंडी द्या, कोंबडीचं सूप द्या. बाप पक्का शाकाहारी, तो नाही म्हणाला. त्याने लुई कुन्हे नावाच्या एका जर्मन माणसाच्या पद्धतीने मुलाला कटिस्नानं, म्हणजे कमरेपर्यंत पाण्यात बसवणं, द्यायला सुरुवात केली आणि तीन दिवस पाण्यात मिसळलेला संत्र्याचा रस दिला. ताप उतरेना. शेवटी ओल्या चादरीत गुंडाळून, वर ब्लँकेट घालून, डोक्यावर ओला टॉवेल ठेवून तो बायकोला म्हणाला, जरा बाहेर जाऊन येतो. आणि इथे आला.

परत गेला तेव्हा मुलगा घामाने निथळत होता. ताप उतरायला लागला.

बॅरिस्टरचं नाव मोहनदास गांधी, मुलगा मणिलाल. हे सगळं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय, पण मला आवडतो तो या किस्स्याचा शेवट. तिथे ते असं म्हणत नाहीत की बघा, पाण्याने बरा केला. ते विचारतात, देवाच्या कृपेने बरा झाला, पाण्याच्या उपचाराने, की पथ्यपाणी आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार? ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावं.

हे 'कोण सांगणार' डोक्यात ठेवा. आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

(कट. घरची खुर्ची.)

आता हा विषय निघाला कसा, तर माझी भाची सई. कल्याणला राहते, बारावी झाली. परवा फोन आला, "मावशी, मी बीएनवायएस करू का?" बीएनवायएस म्हणजे बॅचलर ऑफ नॅचरोपॅथी अँड योगिक सायन्सेस. नॅचरोपॅथी म्हणजे आपला निसर्गोपचार: पाणी, माती, उपवास, आहार. तिच्या बाबांचं म्हणणं, हे काय माती फासायचं शिक्षण! तिच्या आईचं म्हणणं, नावापुढे डॉक्टर लागतं ना, मग झालं. मला दोन्ही उत्तरं पटेनात, म्हणून पंधरा दिवस वाचत बसले.

आणि कळलं काय? 'नॅचरोपॅथ' हा शब्द विमानतळ ओलांडला की अर्थ बदलतो.

हा शब्द तसा भारतीयही नाही आणि फार जुनाही नाही. युरोपात पाण्याचे उपचार आधीपासून होते. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या डोंगरात प्रीसनित्स नावाचा एक शेतकरी ते करायचा, बव्हेरियात क्नाइप नावाचा पाद्री करायचा. पण 'नॅचरोपॅथी' हे नाव 1895 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन शील यांनी काढलं, आणि बेनेडिक्ट लस्ट या जर्मन गृहस्थाने ते चक्क त्यांच्याकडून विकत घेतलं. त्याच लस्टने 1901 मध्ये न्यूयॉर्कला निसर्गोपचाराची शाळा काढली. म्हणजे नाव आधी विकलं गेलं, अभ्यासक्रम नंतर आला. (हसते.) मार्केटिंगचा विद्यार्थी असता तर पैकीच्या पैकी मार्क.

आज अमेरिकेत काय आहे? काही राज्यांत चार वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, त्यानंतर एनप्लेक्स नावाची परीक्षा, मग सरकारी परवाना. ओरेगॉनमध्ये परवान्याचा कायदा 1927 पासून आहे आणि तिथले नॅचरोपॅथिक डॉक्टर बरीच नेहमीची औषधं लिहून देऊ शकतात. तोच माणूस तीच पदवी घेऊन टेनेसीत गेला आणि प्रॅक्टिस सुरू केली, तर तो गुन्हा! ठाण्यात डॉक्टर आणि मुलुंडच्या टोलनाक्यापलीकडे आरोपी, असं समजा.

कॅनडातही प्रांताप्रांताचा वेगळा हिशेब. ओंटारियोत 2015 पासून स्वतंत्र कायदा लागू आहे, तिथे नियामक मंडळ तक्रार ऐकतं आणि परवाना काढूनही घेऊ शकतं. मला विचाराल तर मान्यता म्हणजे हेच. भिंतीवरची फ्रेम नव्हे, तर चूक झाली की तुमची फ्रेम उतरवू शकेल असं कुणीतरी.

जर्मनीचं प्रकरण मजेशीर आहे. तिथे 'हाइलप्राक्टिकर' नावाचा परवाना असतो, त्याचा कायदा 1939 चा. वय 25 पूर्ण पाहिजे, जुजबी शालेय शिक्षण पाहिजे, आणि स्थानिक आरोग्य कार्यालयाची लेखी-तोंडी परीक्षा. पण ती परीक्षा तुम्ही किती चांगले वैद्य आहात हे बघत नाही. तुमच्यापासून लोकांच्या आरोग्याला धोका नाही ना, एवढंच बघते. कुठे, किती वर्षं शिकलात, याची सक्ती नाही. हा कायदा केला होता तो हा धंदा हळूहळू बंद पडावा म्हणून. तो अजून सुरू आहे. शेजारच्या स्वित्झर्लंडने मात्र 2009 मध्ये सार्वमत घेतलं, सुमारे 67 टक्के लोकांनी पूरक उपचारांच्या बाजूने कौल दिला, आणि 2015 पासून तिथे या व्यवसायासाठी केंद्र सरकारमान्य डिप्लोमाची परीक्षा आहे.

ऑस्ट्रेलियात चार वर्षांची पदवी मिळते, पण 'नॅचरोपॅथ' हे नाव कायद्याने राखून ठेवलेलं नाही. एप्रिल 2019 मध्ये तिथल्या सरकारने खासगी आरोग्य विम्याच्या सवलतीतून 16 उपचार वगळले, त्यात नॅचरोपॅथी होती आणि योगही होता. लगेच आरडाओरडा झाला आणि सरकारने पुन्हा नव्याने आढावा घ्यायचं ठरवलं.

मग जगभरासाठी काही मोजपट्टी आहे की नाही? आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये निसर्गोपचाराच्या शिक्षणाचे किमान निकष छापले. किमान 1500 तास शिक्षण आणि त्यात किमान 400 तास अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम.

आता माझं गणित ऐका. मागच्या आठवड्यात कल्याण लोकलमध्ये दाराजवळ एक स्टिकर दिसलं. 'सहा महिन्यांत निसर्गोपचार तज्ज्ञ बना, फक्त रविवारी.' सहा महिन्यांत रविवार 26. दर रविवारी चार तास धरले, चहाची सुट्टी न कापता, तरी होतात 104 तास. म्हणजे निकषाच्या दहाव्या हिश्शाइतकेही नाहीत. आणि त्या 104 तासांत रुग्ण किती दिसणार? बहुतेक शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी.

सईची पदवी त्या मानाने कुठल्या कुठे आहे. बीएनवायएस साडेपाच वर्षांची. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे सगळं असतं. माती फासण्याआधी कुणाला फासायची नाही हे शिकवतात, असं मी तिच्या बाबांना सांगितलं. कर्नाटकात उजिरे इथलं या पदवीचं कॉलेज 1989 पासून आहे. तिथे प्रवेश सीईटीतून होतो, पदवी राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, नोंदणीचीही सोय आहे.

मग अडचण कुठे आहे? केंद्राच्या 'आयुष' मंत्रालयाच्या नावातला 'य' योग आणि निसर्गोपचाराचा आहे. दिल्लीत या विषयाची केंद्रीय संशोधन परिषद 1978 पासून आहे. पुण्यात ताडीवाला रोडवर बापू भवनात राष्ट्रीय संस्था 1986 पासून आहे. पण 2020 मध्ये संसदेने भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा ही तिबेटी पद्धत आले, योग-निसर्गोपचार बाहेर राहिला. मंत्रालयाच्या नावात जागा आहे, आयोगाच्या टेबलावर खुर्ची नाही. म्हणून एका राज्यात नोंदणी मिळते, दुसऱ्या राज्यात गेलात की परत पहिल्यापासून विचारपूस.

आणि हो, 'डॉक्टर' लागलं म्हणजे काहीही लिहून देता येतं, हा गैरसमज आत्ताच काढून टाका. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, प्रकरण आपल्या मुंबईचंच होतं. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. न्यायालय म्हणालं, एका पद्धतीचं शिकून दुसऱ्या पद्धतीची औषधं देणारा माणूस त्या दुसऱ्या पद्धतीत भोंदूच. ओरेगॉनची मुभा इथे चालत नाही.

(पाणी पिते.)

आता ते चौपाटीवरचं 'कोण सांगणार'. संशोधन.

गोळीची परीक्षा घेणं त्यामानाने सोपं. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. पण खोटी ओली चादर कशी गुंडाळणार? खोटा उपवास कसा करवणार? ज्याच्या पोटावर मातीचा लेप आहे त्याला ते कळतंच. शिवाय निसर्गोपचारात एकच गोष्ट कधी होत नाही. आहार बदलतो, झोप सुधारते, तासभर कुणीतरी तुमचं ऐकून घेतं. यातलं नेमकं काय लागू पडलं?

यावर कॅनडातल्या संशोधकांनी एक बरा मार्ग काढला. त्यांनी 246 टपाल कर्मचारी घेतले, टोरांटो, व्हँकुव्हर आणि एडमंटनचे, सगळ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. दोन्ही गटांचे नेहमीचे डॉक्टर चालूच राहिले. एका गटाला वर जोडीला वर्षभर नॅचरोपॅथची देखभाल. निकाल 2013 मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा अंदाजे धोका नुसत्या नेहमीच्या डॉक्टरांच्या गटात 10.8 टक्के, नॅचरोपॅथची देखभाल मिळालेल्या गटात 7.7. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे वाढलेली कंबर, साखर, रक्तदाब यांची ती युती, 48 टक्क्यांच्या जागी सुमारे 32 टक्के लोकांत.

छान आहे. मीही खूश झाले. मग बारकाईने वाचलं. तिथल्या नॅचरोपॅथने आहार-व्यायामाच्या जोडीला पूरक गोळ्याही दिल्या होत्या. त्याच देशात 2009 मध्ये चिंतेच्या त्रासावर अशीच चाचणी झाली, त्यात नॅचरोपॅथच्या उपचारात चक्क अश्वगंधा होती! आपल्याकडचा निसर्गोपचार औषधाला हात लावत नाही, अश्वगंधा दिली तर तो आयुर्वेद झाला. त्यामुळे कॅनडाचा अभ्यास दाखवून पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमातल्या कटिस्नानाला शाबासकी देता येत नाही. व्हॉट्सॲपवर 'परदेशात सिद्ध झालंय' असं आलं की आधी विचारा, सिद्ध काय झालं आणि तिथे त्या नावाखाली काय देतात?

आणि 'जोडीला' हा शब्द सोडू नका. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये कर्करोगाच्या अशा 281 रुग्णांची नोंद तपासली, ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट होता. हा अभ्यास फक्त निसर्गोपचाराचा नव्हता, सगळेच पर्यायी उपचार त्यात होते. पण जोडीला आणि ऐवजी, यातला फरक किती महाग पडतो ते दिसतं.

गांधीजींनाही तो पडताळून बघावा लागला. जानेवारी 1924, येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, मधेच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात पुरी केली. गांधीजी सुटले आणि विश्रांतीला आले कुठे, तर जुहूला, समुद्रकाठी. आधी सर्जन, मग खारी हवा. क्रम बघा.

तर सई. मी तिला हो किंवा नाही म्हटलं नाही, फक्त कॉलेजला विचारायचे प्रश्न लिहून दिले. पदवी कुठल्या विद्यापीठाची? नोंदणी कुठल्या राज्यात, महाराष्ट्रात आले तर पुढे काय? इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, खाटा किती? आणि देखरेखीखाली रुग्ण बघण्याचे तास किती?

काल तिने एका कॉलेजला फोन लावला. तिकडच्या ताईंनी न विचारता होस्टेलची फी सांगितली, मेसची फी सांगितली, ब्लेझरचा रंगसुद्धा सांगितला. शेवटच्या प्रश्नावर म्हणाल्या, "एक मिनिट हं, सरांना विचारते." सई सतरा मिनिटं धरून होती.