सोबत आलेल्या माणसाचा केसपेपर

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचं बीपी बघून झालं, शुगरचा रिपोर्ट बघून झाला, गोळ्या लिहून झाल्या. फाइल आवरता आवरता सून म्हणते, ‘डॉक्टर, मलाच हल्ली झोप नाही.’ आपण म्हणतो, ‘तब्येत सांभाळा हं,’ आणि पुढचा नंबर पुकारतो.

मंडळी, माझं म्हणणं असं, की त्या बाईंच्या नावाने त्याच दिवशी वेगळा केसपेपर निघाला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने डिमेन्शियाच्या पेशंटच्या देखभालीतले ७० टक्के तास बायकांचे असतात. त्यांचं स्वतःचं बीपी कोण मोजतं?

आणि त्यांच्याशी बोलायचं ते एकटीशी. सासऱ्यांसमोर ती खरं सांगणार नाही, सांगूही नये. नर्सने आजोबांना वजन करायला बाहेर न्यावं, तेवढ्यात विचारा: रात्री किती वेळा उठावं लागतं? तुमच्या जागी बसायला कोणी आहे? कधी हात उचलावासा वाटतो? हा शेवटचा प्रश्न आपल्याच घशात अडकतो. पण विचारला की बहुतेक वेळा समोरच्याला हायसंच वाटतं. पद्धतशीर विचारायचं तर १९८० मध्ये स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी केलेली, देखभाल करणाऱ्यावरचा ताण मोजणारी प्रश्नावली आहे. आज ती २२ प्रश्नांची वापरतात.

‘एवढ्याने काय होणार?’ असं कोणी म्हणेल. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी अल्झायमरच्या पेशंटची देखभाल करणाऱ्या ४०६ नवरा-बायकोंचा अभ्यास केला. निम्म्यांना समुपदेशन, घरच्यांसोबत बैठका, आधारगट आणि अडलं तर फोन, एवढं दिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले: या गटातल्या पेशंटना शुश्रूषागृहात कायमचं ठेवायची वेळ सुमारे ५५७ दिवस उशिरा आली. एखाद्या गोळीने हे केलं असतं, तर कंपनीने आपल्याला परिषदांना फिरवलं असतं!

शिवाय आपल्याला हवी ती माहिती त्या सुनेकडेच असते. पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. सर्दीची क्लोरफेनिरामिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी कोणीतरी दिलेली अमिट्रिप्टिलिन. तिन्ही स्मरणावर बोळा फिरवणारी, आणि तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांची. आधी ती कमी करा, बी-१२ आणि थायरॉइड तपासा, कानाला ऐकू येतं का बघा.

ती म्हणाली, ‘परवापासून एकदम भ्रमिष्टासारखे वागताहेत,’ तर ‘आजार वाढला’ म्हणून घरी पाठवू नका. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी पुढे सरकतो. दोन दिवसांत पालटलेलं माणूस म्हणजे बहुधा डिलिरियम, दुसऱ्याच कशाने तरी अचानक आलेला मेंदूचा गोंधळ: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवी गोळी. त्याच दिवशी तपासा. आणि असं झालं तर ताटकळत न बसता थेट कुणाला फोन करायचा, तो नंबर तिच्या केसपेपरवर आधीच लिहून द्या.