प्लेसमेंट सेलचं दार कोणासाठी?

(प्लेसमेंट अधिकारी, प्राध्यापक, अंतिम वर्षाचे विद्यार्थी आणि काही माजी विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘माजी विद्यार्थ्यांसाठी करिअर मार्गदर्शन’. तिकडे येतोच, पण आधी एक तक्रार मांडू द्या. ती मांडल्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

आपल्याकडे करिअर मार्गदर्शन म्हणजे अंतिम वर्ष. अ‍ॅप्टिट्यूडचे वर्ग, मॉक इंटरव्ह्यू, मग कंपन्या, मग गेटवर ऑफर लेटर मिळालेल्यांचा फ्लेक्स. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला प्लेसमेंट दाखवावं लागतं, म्हणून जे सहज मोजता येतं ते आपण मोजतो. ऑफर मिळालेल्यांपैकी रुजू किती झाले, वर्षभरानं त्यातले कुठे टिकले, याला रकाना नाही. पदवीदान झालं की मुलाचं नाव प्लेसमेंटच्या फाइलीतून निघतं आणि माजी विद्यार्थी संघाच्या रजिस्टरात जातं. या दोन खोल्या एकमेकींशी बोलत नाहीत. संघ वर्षातून एकदा मेळावा घेतो, देणगीच्या पावत्या फाडतो. सेल कंपन्यांच्या एचआरला ईमेल पाठवत बसतो. जो एचआर उत्तर देत नाही, त्याच्याच कंपनीत आपल्या जुन्या बॅचचं कुणीतरी बसलेलं असतं आणि ते आपल्याला ठाऊक नसतं.

इथेच बघू. आपल्या विभागाच्या पाच वर्षांपूर्वीच्या बॅचमधले दहा जण आज काय काम करतात, हे कोण सांगू शकेल? हात वर करा. दोन हात, आणि त्यातला एक प्रयोगशाळा सहायकांचा. (हशा) त्यांना पुढच्या रांगेत बसवा, मी मनापासून सांगतोय. लग्नाची पत्रिका घेऊन मुलं येतात ती त्यांच्याकडे. कोण पुण्यात, कोण हैदराबादला, कोणाची नोकरी गेली, हे सगळं त्यांना माहीत असतं. माजी विद्यार्थ्यांची यादी करायची तर सुरुवात तिथून करा.

ही यादी एवढी मोलाची का? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1973 मधला एक निबंध आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात नुकतीच नोकरी बदललेल्यांना त्यानं विचारलं, की ज्याच्या ओळखीनं नोकरी मिळाली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारे निघाले 16.7 टक्के. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के आणि क्वचित भेटणारे 27.8 टक्के. कारण उघड आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात असतात, आपल्याला जे कळलंय तेच त्यांनाही कळलेलं असतं. नवी बातमी येते ती विरळ ओळखीतून. 2022 मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे 2 कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती तपासली गेली. त्यातही नोकरी बदलायला मध्यम विरळ ओळखीच सर्वांत कामी आलेल्या दिसल्या. एकाच विभागाचा, त्याच सरांच्या हाताखाली शिकलेला, पण सहा वर्षं पुढचा माणूस म्हणजे अगदी अशीच ओळख.

आता विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे वळतो. या ओळखीचं आपण काय करतो? सीनियरला मेसेज जातो: ‘सर, मी आपल्या कॉलेजचा विद्यार्थी. रिझ्युमे जोडला आहे. काही ओपनिंग असल्यास कळवावे.’ याला उत्तर येत नाही आणि मुलं म्हणतात, सीनियर मोठे झाले, विसरले. तसं नसतं. नोकरी देणं त्यांच्या हातात नसतं. न ओळखता रिझ्युमे पुढे पाठवायचा तर स्वतःचं नाव पणाला लावावं लागतं. तुम्ही त्यांना हो किंवा नाही एवढंच म्हणायची जागा ठेवलीत, आणि ‘नाही’ म्हणायला जीवावर येतं म्हणून ते गप्प बसतात.

त्याऐवजी चार वाक्यं लिहा. ‘ताई, मी आपल्याच रसायनशास्त्र विभागात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही क्वालिटी कंट्रोलमधून रेग्युलेटरीत गेलात असं पाटील सरांनी सांगितलं. त्या कामात रोज नक्की काय करावं लागतं ते समजून घ्यायचंय. शनिवारी किंवा रविवारी वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ रिझ्युमे जोडू नका. त्या मागतील तेव्हा पाठवा.

फोनवर वीस मिनिटं म्हणजे वीसच. ‘फील्डला स्कोप आहे का’ हे विचारू नका, त्याचं उत्तर कुणालाही देता येत नाही. विचारा: सोमवारी सकाळी गेल्यावर पहिल्या दोन तासांत काय करता? नव्या माणसाचं पहिल्या सहा महिन्यांत कुठे अडतं? या कामाला जाहिरातीत कोणकोणतं पदनाम देतात? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी. एकाच कामाला चार कंपन्या चार नावं देतात आणि मुलं पोर्टलवर एकच नाव टाकून शोधत राहतात. फोन ठेवण्यापूर्वी विचारा, ‘आणखी कोणाशी बोलू?’ साखळी इथून पुढे सरकते. त्याच दिवशी दोन ओळींत आभार माना. तीन महिन्यांनी, त्यांचा सल्ला वापरून काय झालं ते कळवा. हे कळवणं बहुतेकांकडून राहून जातं, आणि सीनियरला तुमचं नाव लक्षात राहतं ते त्यामुळेच.

रिझ्युमेचा विषय निघालाच आहे तर एकच ओळ घेतो. ‘टायट्रेशनचा अनुभव’ असं लिहिलेलं असतं. यातून काही कळत नाही. ‘विहिरींच्या पाण्याच्या 36 नमुन्यांची कठीणता ईडीटीए टायट्रेशननं मोजली, प्रत्येक नमुना तीनदा’ असं लिहिलं की मुलाखत घेणाऱ्याला विचारायला प्रश्न सापडतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला येत असतं. दोन कॉलमचा, चौकटी-चौकटींचा टेम्प्लेट टाळा. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या तारखा आणि पदनामं एकमेकांत मिसळू शकतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मूळ विषयाकडे येतो, जरा भराभर.

मार्गदर्शनाची खरी गरज पदवीनंतर दोन ते आठ वर्षांनी लागते. पहिला गट स्पर्धा परीक्षेतून परतणाऱ्यांचा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38, त्यामुळे थांबायचं कधी हे परीक्षा सांगत नाही. ते घरी बसून, वर्ष ठरवून लिहून ठेवावं लागतं. परतलेल्या मुलानं मधली वर्षं लपवू नयेत. ‘2019 ते 2024, राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत’ अशी सरळ एक ओळ पुरते. अडचण वेगळीच असते. पदवीचं कौशल्य जुनं झालेलं असतं. सिव्हिलच्या मुलानं बांधकाम विभागाची चालू दरसूची घेऊन एका पाइप मोरीचं अंदाजपत्रक करावं आणि ते मुलाखतीला घेऊन जावं. महिन्याभरात होतं. बीए झालेल्यासाठी ग्रामीण सर्वेक्षण, कंपन्यांचे सामाजिक (सीएसआर) प्रकल्प, परीक्षेच्या पुस्तकांचं संपादन ही कामं त्याच्या वाचनाला धरून आहेत.

दुसरा गट नोकरी बदलणाऱ्यांचा. रिलिव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय जुनं खातं मिटलं असं समजू नका. रिझ्युमेतल्या तारखा यूएएनवरच्या, म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकावरच्या, नोंदींशी जुळवून घ्या, पार्श्वभूमी तपासणीत फरक तिथेच सापडतो. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांची सेवा नसेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. बाळंतपणानंतर परतणाऱ्या विद्यार्थिनींवर स्वतंत्र तास हवा, तो आज होत नाही, पण सेलनं त्यांना वगळू नये.

आता सेलनं काय करायचं? यादीत नाव, बॅच, शहर, सध्याचं काम हे चार रकाने, आणि पाचवा सर्वांत महत्त्वाचा: फोनवर बोलणं, मॉक इंटरव्ह्यू, इंटर्नशिप, रेफरल यांपैकी कशाला तयार आहात? एमएच्या-एमएस्सीच्या 120 तासांच्या ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी शेवटच्या आठवड्यात मामाच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणलं जातं, ते या पाचव्या रकान्यामुळे थांबेल. नंबर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. संमती घ्या, 2023 चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहेच, आणि एका माजी विद्यार्थ्याकडे महिन्याला दोनच मुलं पाठवा. नाहीतर चांगला माणूस तिसऱ्या महिन्यात फोन उचलायचा बंद होतो.

आणि दर महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी दोन ते पाच, फक्त माजी विद्यार्थ्यांसाठी ठेवा. एकाला चाळीस मिनिटं, म्हणजे चार जण. पहिल्या महिन्यात दोघंच येतील. त्यांना विचारा, ही वेळ ठेवलीय हे कोणाकडून कळलं, आणि पुढचा निरोप त्याच माणसाकरवी पाठवा.